एका चमच्याने काय होते?

गेल्या ऑक्टोबरात मी मुलाकडे मिलानला महिनाभर राहून आले. परतल्यापासून ओळखीची माणसे विचारतात, काय काय पाहिले? मी दुओमोचे, म्हणजे तिथल्या प्रचंड चर्चचे, संगमरवरी कळस सांगते. तळ्याकाठची गावे सांगते. मनात मात्र वारंवार येते ती एका शनिवारची संध्याकाळ, आणि त्या संध्याकाळी पाहण्यासारखे असे काही नव्हते. मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि मी अशी चौघे एका गजबजलेल्या उपाहारगृहात जेवायला गेलो होतो, एवढेच.

शहराच्या दक्षिणेस नाविल्यो ग्रांदे नावाचा जुना कालवा आहे. त्याचे काम बाराव्या शतकात सुरू झाले, आणि पुढे दुओमोसाठी लागणारा संगमरवर याच पाण्यावरून नावांमधून आणला गेला. आता काठाने माणसांची वर्दळ असते. शनिवारी संध्याकाळी तर सारे शहर तिथे लोटल्यासारखे वाटते. त्या काठापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमची जागा होती. तिकडे अशा जागेला ‘ऑस्तेरिया’ म्हणतात. मला आपला ‘खानावळ’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा वाटला. लाकडी बाके, एकमेकांना खेटून मांडलेली मेजे, कागदाची आच्छादने, आणि माणसांचा असा कल्लोळ की शेजारच्याशी बोलतानाही मान वाकवावी लागे. आपल्याकडच्या उपाहारगृहांत आवाज असतो तो बहुधा भिंतीवरच्या ध्वनिवर्धकाचा. इथे तसे काही नव्हते. पलीकडे कुणाचा वाढदिवस चालला होता, पणजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एका बाकावर, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. गोंगाटाचा मला एरवी त्रास होतो. त्या दिवशी झाला नाही; लग्नघरात पंगत बसते तेव्हा होत नाही तसा.

मालकीणबाई साधारण माझ्याच वयाच्या असाव्यात. कमरेला पांढरे फडके, केस घट्ट बांधलेले. त्यांनी खाद्यपदार्थांचा कागद पुढे ठेवण्याआधी एक प्रश्न विचारला. मुलाने अर्थ सांगितला : “कुणाला काही चालत नाही का, असं विचारताहेत.”

मुलगा उत्तर देणार तोच नात म्हणाली, “सोनो चेलिआका.” मला सिलिअ‍ॅक आहे. दहा वर्षांच्या मुलीने परक्या भाषेत, खाली न पाहता, जणू आपले नाव सांगावे तसे ते सांगितले. बाईंनी “आह, बेने” म्हणत मान हलवली, लहानशा वहीत काहीतरी लिहिले, आणि आमच्या मेजावर येत असलेली पावाची टोपली अर्ध्या वाटेतच हात करून थांबवली. ती टोपली मग माझ्या बाजूला, मेजाच्या अगदी टोकाला ठेवली गेली. नातीसमोर आले ते बंद वेष्टनातले छोटे कुरकुरीत पाव.

या प्रश्नापर्यंत पोहोचायला आमच्या घराला फार वेळ लागला, आणि त्यात मला सर्वांत जास्त. म्हणून थोडे मागे जाऊन सांगते.

नात आठ वर्षांची असताना तिचे वजन वर्षभर जागच्या जागी राहिले. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, सदा चिडचिड. हिमोग्लोबिन कमी होते, म्हणून लोहाचे औषध चार महिने दिले, आकडा हलेना. मी म्हणे, “मुलीच्या अंगाला लागत नाही, दृष्ट काढा.” मीठमोहऱ्या ओवाळल्या, तुपाची धार वाढवली, गव्हाच्या सत्त्वाची खीर केली. आज ती खीर आठवली की पोटात गोळा येतो. शेवटी पुण्यातील एका बालरोगतज्ज्ञाने रक्ताची एक विशिष्ट तपासणी लिहून दिली, आणि तिच्या निकालानंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचे नमुने घेतले गेले. निदान झाले : सिलिअ‍ॅक.

हा अ‍ॅलर्जीचा प्रकार नव्हे, हे मला समजायलाच काही महिने लागले. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी फाटत नाही, पाव फुगतो, तो त्याच्यामुळेच. काही माणसांची, जन्मतः तशी प्रवृत्ती असणाऱ्यांची, रोगप्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नरस शोषून घेणारे. ते झिजून सपाट होतात. मग तूप घाला की खीर घाला, अंगी लागणार कशाने? जगात साधारणपणे शंभरात एकाला हा विकार असतो, आणि पुष्कळांना तो आहे हेच ठाऊक नसते. यावर आजही औषध नाही. ग्लुटेन संपूर्णपणे आणि आयुष्यभर वर्ज्य करणे, एवढाच उपाय. तो केला की अंकुर पुन्हा उगवतात, मूल पुन्हा वाढू लागते.

ही गोष्ट उमगली तीही एका दुर्दैवी काळात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भयंकर अन्नटंचाई झाली; पाव मिळेनासा झाला. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाविषयी आधीपासून शंका होती. त्याने पाहिले की सारा देश उपाशी असताना या आजाराची मुले मात्र सुधारत आहेत, आणि पाव परत आला तेव्हा ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने हे आपल्या प्रबंधात मांडले.

आमच्या घरात गहू बंद झाला, म्हणजे तिच्यापुरता. सूनबाईने कंबर कसली. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ; आपल्याकडे धान्यांना तोटा नाही, म्हणून सोपे वाटले होते. पण ज्वारी दळून आणली ती गिरणीतून, आणि गिरणीत आमच्या डब्याआधी कुणाचे तरी गहू दळलेले. तेवढेही तिला पुरेसे होते. मग घरी लहान चक्की आली. आमटी तरी निर्धोक असेल, तर डबीतला हिंग आडवा आला. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, हे चाळीस वर्षे फोडणी घालूनही मला माहीत नव्हते. सून डबीवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचत असे. तिचे पोळपाट-लाटणे निराळे, तवा निराळा, चाळणी निराळी. मला हा सगळा अतिरेक वाटे. उघड बोलत नसे, पण शेजारणीजवळ म्हटलेही होते, “आमच्याकडे आता गव्हाचं सोवळं चालू आहे.”

मुलाची बदली मिलानला ठरली तेव्हा, ती मंडळी निघण्याच्या पंधरा दिवस आधी, मी घरी सत्यनारायण घातला. प्रसादाचा शिरा सव्वा पटीत, रव्याचाच. सून नातीसाठी वरीचा वेगळा शिरा करून ठेवत होती. गुरुजी गेले, माणसे जेवली. मागच्या खोलीत नात एकटी बसलेली दिसली. हातात वाटी घेऊन मी गेले आणि म्हणाले, “देवाचा आहे बाळा. एका चमच्याने काय होतंय?” ती घुटमळली. मी चमचा तिच्या ओठांपाशी धरला. तिने माझ्याकडे पाहिले आणि तोंड उघडले.

दोन तासांनी तिला उलट्या सुरू झाल्या. रात्रभर पोट धरून ती कळवळत होती. पुढे तीन दिवस अंथरुणातून उठली नाही. सून घरातला एकेक डबा उघडून पाहत होती, कुठे चुकले म्हणून स्वतःला दोष देत होती. मी दारात उभी राहून म्हणाले, “बाहेर काहीतरी खाल्लं असेल.” नातीने ते ऐकले. ती काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी ती विमानात बसली.

मिलानला पोहोचल्यावर मला जाणवले की या मुलीचे गाल भरले आहेत, उंची वाढली आहे, आणि ती माझ्या हातचे खात नाही. उद्धटपणे नव्हे. मी तिच्यासाठी थालीपीठ केले, तर ती ताटलीकडे पाहून विचारी, “आईनं पाहिलंय का?” आईने हो म्हटले की मगच घास तोडी. तीन आठवडे हे चालले होते. तक्रार करायला मला तोंड नव्हते.

तर अशी आम्ही चौघे त्या खानावळीत बसलो होतो.

आपण ‘इटालियन जेवण’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पिझ्झा आणि पास्ता येतो. तो बराचसा दक्षिणेकडचा अवतार. लोंबार्दी, म्हणजे मिलानचा प्रांत, मुळात भाताचा, मक्याचा आणि लोण्याचा. पो नदीच्या खोऱ्यात पाण्याने भरलेली भातखाचरे मैलोगणती पसरली आहेत. युरोपीय संघात सर्वांत जास्त तांदूळ इटलीतच पिकतो. पूर्वी त्या खाचरांत तण काढायला बायका गुडघाभर पाण्यात वाकून उभ्या असत. कोकणातील लावणीची आठवण यावी असेच ते दृश्य. माझ्या सोलापूरकडच्या डोळ्यांना भातखाचराचे अप्रूप लहानपणापासूनचे, त्यामुळे मुलाने गाडीतून ती दाखवली तेव्हा मी फार वेळ पाहत राहिले होते.

मालकीणबाई पदार्थ समजावून सांगत होत्या. कागदावर प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे छापलेले होते, त्यात कोणते त्रासदायक घटक आहेत ते सांगणारे. युरोपात चौदा घटकांची अशी माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. पण बाई आकड्यांवर विसंबून नव्हत्या. ही खानावळ सिलिअ‍ॅक रुग्णांच्या संघटनेने प्रशिक्षण दिलेल्यांपैकी होती. १९७९ साली अशा मुलांच्या आईवडिलांनी पुढाकार घेऊन ही संघटना उभी केली. २००५ च्या कायद्याने शाळा, रुग्णालये आणि सरकारी भोजनगृहांत मागणाऱ्याला ग्लुटेनविरहित जेवण मिळण्याची तरतूद झाली, आणि निदान झालेल्या माणसाला असे पदार्थ घेण्यासाठी दरमहा ठरावीक रकमेची सवलत मिळते. २०२३ मध्ये तर सर्वच मुलांची या विकारासाठी आणि बालवयातील मधुमेहासाठी चाचणी व्हावी असा कायदा झाला. जो देश पावावर आणि पास्त्यावर जगतो, त्याने गहू न चालणाऱ्या माणसाला परके केले नाही, याचे मला फार नवल वाटले. मुलगा म्हणाला, “आई, इथे जेवणाच्या मेजावर बसता येणं ही फार मोठी गोष्ट मानतात. म्हणूनच असेल.”

नातीसाठी भोपळ्याचा रिसोत्तो ठरला. शरद ऋतूत तिकडे लाल भोपळ्याचे दिवस असतात. रस्सा घरच्या कांदा-गाजर-सेलरीचा, बाजारच्या वड्यांचा नव्हे, हे बाईंनी आपणहून सांगितले. मी मशरूम घालून केलेली पोलेन्ता मागवली, म्हणजे मक्याच्या भरड पिठाची घट्ट उकड. वर चीज नको म्हटले, कारण तिथल्या पुष्कळशा पारंपरिक चीजसाठी दूध विरजताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात हे मुलाने मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. मुलगा तिकडे गेल्यापासून सगळे खातो. मी त्यात पडत नाही. त्याने शहराच्या नावाचा, केशर घातलेला रिसोत्तो मागवला.

तो आला आणि मी पाहतच राहिले. सोन्यासारखा पिवळा, ताटलीत हळूच पसरणारा, केशराचा आणि लोण्याचा वास. आपल्या केशरीभाताचा कुणी सख्खा भाऊ असावा. या भाताविषयी तिकडे एक दंतकथा सांगतात : १५७४ साली दुओमोच्या रंगीत काचा घडवणाऱ्या कारागिराचा एक शिष्य रंगात नेहमी केशर मिसळे, आणि गुरूच्या मुलीच्या लग्नात त्याने ते गमतीने भातातही मिसळले. खरेखोटे देव जाणे. मालकीणबाईंनी माझी नजर हेरली. त्यांनी एक स्वच्छ चमचा उचलला, मुलाच्या ताटलीतला भात घेतला आणि हसून माझ्यापुढे धरला.

मुलगा घाईने म्हणाला, “आई, थांब. यात मांसाचा रस्सा आहे. हाडातली मज्जाही असते.”

मी खुर्चीसकट मागे सरले. “नको, नको!” हात असा आडवा धरला की चमचा खाली पडता पडता राहिला. त्या वासाने क्षणापूर्वी सुटलेले पाणी तोंडातच आटले.

नात माझ्याकडे पाहत होती. अगदी शांत आवाजात ती म्हणाली, “आजी, एका चमच्याने काय होतंय?”

शेजारचे बाक गाणे म्हणू लागले होते. टाळ्या वाजत होत्या. मुलाला काही कळले नाही. तो मालकीणबाईंची समजूत काढण्यात गुंतला होता. सुनेने मात्र मान वर केली.

सत्तरीच्या उंबरठ्यावर माणसाला स्वतःविषयी फारसे नवे काही कळत नाही असे मी समजत होते. माझे शाकाहारी असणे हा माझा संस्कार. उद्या चुकून एक घास पोटात गेला असता तर मन विटाळले असते, चार दिवस अन्नावरची वासना उडाली असती, पण आतडे फाटले नसते. तेवढ्यासाठी मी भर पंगतीत एका परक्या बाईचा हात झिडकारला, आणि तिने तो राग न मानता मागे घेतला. त्या मुलीचा नकार तिच्या देहाचा होता. तिला हात आडवा धरण्याची मुभाही मी दिली नव्हती. वर देवाचे नाव घेतले होते.

मी सुनेला म्हणाले, “सत्यनारायणाच्या दिवशी शिरा मी दिला होता. बाहेरचं काही तिनं खाल्लं नव्हतं.”

आवाज इतका होता की मला ते दोनदा सांगावे लागले. हे कदाचित बरेच झाले. पहिल्यांदा सांगताना मी ताटलीकडे पाहत होते, दुसऱ्यांदा तिच्याकडे.

“मला ठाऊक होतं, आई,” सून म्हणाली. “मागच्या खोलीतली वाटी मीच घासली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “हिनेही मला सांगितलं नाही. आजीला रागावतील म्हणाली.”

नात आपल्या रिसोत्तोवर फुंकर घालत होती. मी तिला म्हणाले, “बाळा, माझं चुकलं. शिरा दिला ते चुकलं, आणि नंतर खोटं बोलले ते त्याहून चुकलं.” ती म्हणाली, “हं.” मग तिने पहिला घास घेतला आणि “गरम आहे” असे सांगितले. दहा वर्षांच्या मुलांना एवढे पुरते की काय, नकळे.

मग मी माझ्या ताटलीकडे वळले, आणि पहिल्याच घासाला पन्नाससाठ वर्षे मागे गेले. ही पोलेन्ता म्हणजे माझ्या आईच्या ज्वारीच्या कण्या! तोच भरडा स्पर्श, तीच पोटात ऊब. सोलापूरकडे माझ्या लहानपणी पोळी सणावारालाच होई. रोजची भाकरी, संध्याकाळी ताकातल्या कण्या. गहू आमच्याकडे प्रतिष्ठा घेऊन आला. कण्या हे गरिबीचे अन्न ठरले आणि मी ते पुण्यात आल्यावर एकदाही शिजवले नाही. नातीचे निदान झाले तेव्हा मी रडले होते की या पोरीच्या नशिबी पोळी नाही. माझ्या स्वतःच्या बालपणात ती कितीशी होती?

मात्र गरिबीच्या अन्नाचे फार गोडवे गाऊ नयेत हेही त्याच शहराने शिकवले आहे. उत्तर इटलीचे शेतमजूर एके काळी वर्षानुवर्षे जवळपास निव्वळ पोलेन्तावर जगले, आणि त्यांना अंगावर खरबरीत चट्टे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश होऊ लागला. मिलानच्याच फ्रान्चेस्को फ्रापोल्ली या वैद्याने १७७१ मध्ये त्या रोगाला ‘पेलाग्रा’ हे लोकांच्या तोंडचे नाव दिले. खरबरीत कातडी असा त्याचा अर्थ. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजासहजी मिळत नाही, हे कळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे गेली. आपल्या दख्खनमध्येही ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग दिसे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला होता. कण्यांबरोबर ताक, डाळ, पालेभाजी हवीच. पोलेन्तावर मशरूम हवेत. एकाच धान्यावर कुणाचे भागत नाही, मग ते धान्य कोणतेही असो.

आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण परतल्यावर चार जणींनी मला विचारली. वजन उतरवण्यासाठी गहू सोडावा का? निदान न झालेल्या माणसाला त्याचे काही कारण नाही. उलट मुलाला किंवा स्वतःला हा विकार असल्याची शंका असेल, तर तपासणी होईपर्यंत गहू मुळीच बंद करू नये. बंद केला की रक्ताची चाचणी चुकीने निर्दोष येऊ शकते. आणि घरात एकाला निदान झाले तर आईवडील, भावंडे यांचीही तपासणी करून घ्यावी. आमच्या मुलाची आणि सुनेची झाली.

“आजी, ते कसं लागतं?” नातीने विचारले. तिची नजर माझ्या पोलेन्तावर होती. मी आनंदाने ताटली तिच्याकडे सरकवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने माझ्या पानातले काही मागितले होते. तिचा चमचा पुढे आला, आणि मला ताटलीच्या कडेला एक कण दिसला. मी जेवता जेवता टोपलीतला पाव मोडला होता. त्याचा तो चुरा, तिळाएवढा.

मी तिचे मनगट धरले. “थांब.”

ती दचकली.

“पाव सांडलाय माझ्याकडून. हे नको.”

मी हात वर केला आणि मालकीणबाईंना बोलावले. त्यांची भाषा मला येत नव्हती. महिनाभरात दोन शब्द शिकले होते, ते वापरले. ताटलीतल्या चुऱ्याकडे बोट दाखवले, मग नातीकडे, आणि म्हणाले, “सेंत्सा ग्लूतिने.” ग्लुटेनशिवाय. बाईंनी ताटली पाहिली, मला पाहिले. “चेर्तो, सिन्योरा,” म्हणत त्या आत गेल्या. पाच मिनिटांनी एका निराळ्या रंगाच्या वाटीत वाफाळती पोलेन्ता आली, वर झाकण, सोबत कागदात गुंडाळलेला चमचा. तिचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

नातीने वाटीवरचे झाकण काढले. आईकडे पाहिले नाही. खाऊ लागली.

“मऊ आहे,” ती म्हणाली. “पण थोडं खडबडीत.”

“माझी आई ज्वारीचं असंच करायची. कण्या म्हणायचो आम्ही.”

“मला कर ना.”

“पुण्याला आलीस की करते. तुझ्या चक्कीवर भरडून. त्या चक्कीत तुम्ही गेल्यापासून दुसरं काही घातलेलं नाही.” हे खरे होते. ती चक्की मी झाकून ठेवली होती. का ते मला तेव्हा सांगता आले नसते.

बाहेर पडलो तेव्हा कालव्याच्या पाण्यात दिव्यांच्या रेघा हलत होत्या आणि गर्दी तसूभरही ओसरली नव्हती. मुलगा आणि सून पुढे चालत होती. नातीने खिशातून ते बंद वेष्टन काढले. कुरकुरीत पाव तिने जेवताना खाल्लेच नव्हते. दिव्याखाली थांबून तिने वेष्टनावरची बारीक अक्षरे ओठ हलवत वाचली. इटलीत अशा पदार्थांत कधी कधी डुकराची चरबी घालतात, ते तिला ठाऊक होते. मग वेष्टन फाडून तिने एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“हे तुला चालतं, आजी. मी वाचलंय.”